धाकली कुठं आहे?

खर्ड्याच्या स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढली तेव्हा धाकली रडली नाही. रडत होते मी, आणि तेही जरा ऐटीत. मिलिंद, माझा मुलगा, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामाला लागलेला, सुनेचे दिवस भरत आलेले, आणि मी भर उन्हाळ्यात लुगड्यावर लोकरीचा स्वेटर घालून उभी. थंड देशात जायचं तर अंगाला आधीच सवय हवी, असं माझं शास्त्र.

"आक्का, इमानात बसल्यावर घाला की," धाकली म्हणाली. "हितंच उकडून निघाल."

धाकली म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी तिला धाकली म्हणायचे, मिलिंद लहानपणापासून धाकलीआई. सगळ्या वस्तीत घरोघरी असंच. जावांची खरी नावं लग्नपत्रिकेतून बाहेर आली की परत कुणी उच्चारत नसे.

बाळंतपणापुरती आलेली मी न्यू जर्सीचीच होऊन बसले. नातीचे डायपर, लाँड्री, मायक्रोवेव्हमधलं वरण. नळ फिरवला की पाणी. पहिले काही महिने मी उगाच नळ सोडून बघत बसायचे, सून मागून येऊन हळूच बंद करायची बिचारी. आणि तिकडे पाण्याचा टँकर वस्तीवर न येता आधी गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. आमच्या बायकांनी हंडे घेऊन लांब उभं राहायचं, वरून कुणी वाढलं तर घ्यायचं. स्वातंत्र्य मिळून पन्नास वर्षं होऊन गेली होती, तरीही.

एका सकाळी दिरांचा एसटीडी बूथवरून फोन आला. "वैनी, धाकलीला पोलिसांनी नेली. टँकरम्होरं हंडे मांडून बसल्या हुत्या बाया. कंच्या ठाण्यात ठिवलंय, कुनी सांगंना. तिची तान्ही पोर दुधासाठी आकांत करतीया." आणि लाईन तुटली.

मिलिंद म्हणाला, "आई, तू सांग, मी लिहितो." परदेशातल्या आपल्या माणसांचा त्याचा ई-मेलचा एक गट होता. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं, आणि ते पुढं आपापल्या ओळखीत धाडायचे. बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरपुढं बसताना मी पदर सारखा केला, टिकली नीट आहे का बघितली. वाचणारी माणसं पडद्यातून मला बघणार, असं वाटलं होतं! आणि सुरुवात केली मोठ्या आवाजात, "सर्वांना जय भीम, आम्ही सारे इकडे खुशाल..."

"आई, ओरडू नकोस. त्याला कान नाहीत. आणि खुशाली राहू दे, काय झालं ते सांग."

माझे आप्पा म्हणायचे, आपल्यावर जे गुदरलं ते नावानिशी कागदावर आलं पाहिजे. त्यांच्या लेकीनं सगळं नीट सांगितलं. टँकर, हंडे, तान्ही पोर. बाईचं नाव? धाकली. आणि शिकलेल्या मिलिंदनं तेच इंग्रजीत टाइप केलं. मग कॉम्प्युटरला जोडलेल्या फोनच्या डब्यातून खरखर, शिट्टी, आणि पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरं बघून मी जिन्यातच बसले. जपानातला एक भिक्खू, इंग्लंडमधल्या एक शिक्षिका, दक्षिण आफ्रिकेतली एक बाई. आमचं खर्डा गाव नकाशात बोट ठेवून दाखवता आलं नसतं अशी माणसं. प्रत्येकाचा एकच प्रश्न, धाकली कुठं आहे? ज्या बाईला गावात हंडा पुढं करता येत नव्हता, तिची चौकशी समुद्रापलीकडून होत होती. नगरच्या पोलीस कचेरीत त्यांचे एवढे फॅक्स आले की मशीनमधला कागद संपला म्हणे.

आणि उत्तर काय गेलं? या नावाची बाई कुठल्याच ठाण्यात नाही.

मिलिंदनं कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, आपणच तिला कागदावरून पुसली की काय! दुसरं पत्र खऱ्या नावानं गेलं, पण तोवर नगरचे एक साहेब स्वतःच शोधत निघाले होते. पुढचं सुटून आल्यावर धाकलीनंच फोनवर सांगितलं.

"सायबानं इचारलं, ह्यात धाकली कोन? मी उठाय लागले, तर माज्या आदीच दोघी हुब्या! त्या त्यांच्या घरच्या धाकल्या. तिसरी म्हनली, मी बी धाकलीच की. सायबाची मिशी हालली, पर हसला न्हाई. म्हनला, समद्यास्नी सोडा."

"आणि पोर?"

"पितीया. आन् आक्का, माजं नाव प्रभावती हाय. जगाला सांगायचं तर नीट सांगावं मानसानं."

त्या आठवड्यात टँकर वस्तीवर आला. साहेब समोर उभे होते म्हणून आला, हेही खरं. पुढची भांडणं पुढं झालीच.

आता नातीच्या फोनवर कुठल्या कुठल्या देशातल्या बाया रस्त्यावर बसलेल्या दिसतात, खाली त्यांची नावं बिनचूक. ती मला बोट ठेवून वाचून दाखवते, आणि अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. एवढीशी काच, आणि तिच्यात कुणाकुणाची हाक!

घर म्हणजे काय, असं इकडची नात आणि तिकडची धाकलीची पोर, दोघी विचारतात. न्यू जर्सीतल्या या गल्लीत पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत माझं पूर्ण नाव सगळे आदरानं घेतात. पण उद्या कुणी ते पुकारलं, तर उठून उभी राहणारी मी एकटीच.