दोन गोऱ्ह्यांच्या बदल्यात

बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट तोंडावर आला होता. आसगावचा एक शेतकरी सकाळीच येऊन बाबांना म्हणाला, "तुमचे दोन्ही गोऱ्हे मले द्या, माझा पटाचा बैल घ्या." त्या बैलाची जोडी दरवर्षी पट जिंकायची. आता त्याचा जोडीदार मेला होता. आमचे गोऱ्हे अजून एकदाही धावले नव्हते.

तो गेला, पण बाबांना बूड टेकवेना. गोठा, अंगण, पुन्हा गोठा. मला राग येत होता. गोऱ्ह्यांना चारापाणी मी करायचो, विचारलं मात्र कोणी नाही.

आई धान पाखडता पाखडता बोलली, "दोन्ही देल्यावर त्या बैलासंग जुपाल कोणाले? मले?"

बाबा खाटेवर टेकले. लगेच उठले.

"एकच गोऱ्हा घेऊन तो बैल देते का, इचारून येतो," म्हणाले, आणि चप्पल न घालताच निघाले.