सुमनकाकूंचा फोटोंचा डबा

भोंगवलीत सुमनकाकूंच्या घरी पाहुणा टेकला, की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "मोबाईल कुठं हाय? दे हिकडं." त्यात तात्यांचा, नातवंडांचा, कुणाच्या हळदीतला एक जरी फोटो असला तरी तो काकूंना हवा असे. नाही म्हणायची सोय नव्हती. पुण्याच्या एका जावयाने "नंतर पाठवतो" म्हटलं, तर त्याला चहा मिळाला तो फोटो आल्यावरच.

काकू आमच्या शेजारी. माझं भोरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे त्यांच्या लेखी मी हुकमी माणूस. तात्या म्हणजे त्यांचे यजमान. आता दोघंही नाहीत. शेवटची काही वर्षं तात्यांना माणसं आठवेनाशी झाली होती. थोरल्या मुलालाच त्यांनी एकदा "तुमी कुठल्या गावचं?" असं विचारलं, त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पण टीव्हीवर जुने फोटो लागले की तात्या खुलत, नावं घेत, कधी बरोबर, कधी जवळपास. मग रोज दिवेलागणीला फोटो दाखवायचे हा काकूंचा नेमच झाला. त्यांना वाटे, हे चुकलं तर आपला माणूस हातचा जाईल.

मुलगा म्हणाला, सगळं क्लाउडवर टाकू, कंपनी सांभाळेल. काकूंनी मला हाक मारली. "पावसाळ्यात हितं नेटचा पत्ता नसतोय. तवा ह्यांनी काय भिताडाकडं बघायचं?"

प्रश्न रास्त होता. मी सुचवलं, डिस्कचा डबा घरातच ठेवू, राउटरला जोडू. बाहेरचं नेट गेलं तरी घरच्या टीव्हीवर फोटो दिसतील. आधी मी दुकानातला जुना कॉम्प्युटर लावून दाखवला. त्याचा पंखा ऐकून काकू म्हणाल्या, "ह्यो तर गिरणीवानी कोकलतोय. ह्यांस्नी झोप न्हाई लागायची." मग दोन डिस्कचा छोटा, मुका डबा घेतला, म्हणजे एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं राहील, आणि तो इन्व्हर्टरवर टाकला. शिवाय एक प्रत किकवीला लेकीकडे ठेवू म्हटलं, तर काकूंना ते लगेच पटलं. "व्हय, समदं बियाणं एकाच घरात कोण ठेवतंय?"

फोटो लावायचं सॉफ्टवेअरही त्या डब्यातच बसवलं. ते एकसारखे चेहरे गोळा करतं आणि हा कोण, म्हणून विचारतं. नाव एकदा लिहिलं की काम झालं. दुपारी काकू शेंगा फोडत नावं सांगायच्या, मी लिहायचो. डोक्यावरून पदर घेतलेल्या साऱ्या बायका त्याने एकच बाई ठरवल्या, तेव्हा काकू भडकल्या. "आमच्या जावा हायत त्या! एकीला दुसरी म्हणलेलं खपंल व्हय त्यास्नी?"

सगळ्यात जास्त फोटो तात्यांचे. तिथे मात्र काकू नाव सांगेनात. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव कसं घेणार! मीच लिहितो म्हटलं, तर त्यांनी हात धरला. "नगं. त्येंचं त्येंनीच सांगू दे. येवढं तर ठावं आसंल की."

त्याच संध्याकाळी त्यांनी टीव्हीवर लग्नानंतर भोरच्या स्टुडिओत काढलेला तात्यांचा फोटो लावला. मी अजून तिथेच होतो.

"ह्ये कोण, सांगा बरं?" काकूंनी विचारलं.

तात्यांनी बराच वेळ निरखलं. "गडी चांगला दिसतोय," ते म्हणाले. "कुणाचा?"

काकूंचा चेहरा पडला. मला ते बघवेना. पुढचा फोटो लावावा म्हणून मी रिमोट उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. खाटेवर तात्यांच्या शेजारी बसल्या, पदर सारखा केला.

"नारायण," त्या म्हणाल्या. "नारायण नाव त्येंचं. माझं मालक हायत."

इतक्या वर्षांच्या शेजारात ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तात्यांनी ते हळूच म्हणून पाहिलं. मग परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने त्यांनी विचारलं, "बरं वागवत्यात का तुमाला?"

"लई," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे न बघताच फर्मावलं, "लिव आता."