तिथे आमचं कोणी नाही: स्वारगेट ते जर्मनी, व्हाया व्हिसा

मी तीन महिने जर्मनीला जर्मन शिकायला जाणार, ही बातमी आमच्या धनकवडीच्या सोसायटीत पसरली आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारू लागला. खर्च किती, थंडी सोसेल का, शाकाहारी मिळतं का, हे कोणाच्या मनातही आलं नाही. "तिथे कोण आहे तुमचं?"

कोणी नाही, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने बघायचा. आमच्याकडे परदेशी जायला दोनच कारणं चालतात. मुलगा कंपनीच्या कामाने ऑनसाइट गेलेला हवा, नाहीतर मुलीचं बाळंतपण हवं. माझा एकुलता एक मुलगा रोज हिंजवडीला जातो आणि रात्री घरी जेवायला असतो. तेव्हा बाई पन्नाशी उलटल्यावर काही कारण नसताना निघाली, म्हणजे घरात नक्की काहीतरी बिनसलंय, असा निकाल तळमजल्यावर लागलासुद्धा होता.

कारण होतं. मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर नोकरी केली. सुरुवातीला तिथे कारखान्यांचे साहेब यायचे, नव्वदनंतर कॉम्प्युटरवाल्या मुलांची रांग लागली आणि मग त्यांच्यामागून त्यांचे आईवडील. मी सगळ्यांना जर्मन मार्क दिले, मार्क गेल्यावर युरो दिले, हसून 'हॅपी जर्नी' म्हटलं आणि संध्याकाळी बसने घरी आले. स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या आठवड्यात जर्मनच्या क्लासला नाव घातलं. दोन वर्षं विशीतल्या पोरांबरोबर बाकावर बसले. मजा आली, पण एक खंत राहिली. क्लास संपला, जिना उतरला की जर्मन संपायचं. मला सकाळी उठल्यापासून ती भाषा ऐकायची होती. आयुष्यात एकदा काउंटरच्या पलीकडून जायचं होतं. व्हिसा नाकारला असता तर पुन्हा विचारायचा धीर मला झाला नसता, हेही सांगून टाकते.

ज्यांच्या मनात असा विचार आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. भाषेच्या कोर्ससाठी व्हिसा मागायचा तर कोर्स रोजचा, भरगच्च तासांचा लागतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकणार, म्हटलं तर ऐकून घेत नाहीत. फी भरल्याची पावती, राहायची सोय, विमा, खात्यात पुरेसे पैसे आणि आधी थोडी भाषा शिकल्याचा दाखला जवळ ठेवा. आणि का जायचंय याचं पत्र स्वतः लिहा. शेजाऱ्यांना दाखवू नका.

मी दाखवलं. समोरच्या साठेवहिनींनी ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, हे फारच पोरकं वाटतंय. तिथे कोणीच नाही म्हटल्यावर ते कशाला घेतील तुम्हाला? आमच्या मंदारचं नाव घाला. माझा सख्खा भाचा आहे, श्टुटगार्टला असतो. आधार दिसतो हो!"

माझे यजमान खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेत आणि बोलणं मोजकं आहे. ते म्हणाले, "घाल. लग्नपत्रिकेतसुद्धा न येणाऱ्यांची नावं असतातच की."

मी मंदारचं नाव घातलं.

मुलाखत मुंबईला, नरिमन पॉइंटच्या बाजूला. पहाटे स्वारगेटहून दादरची शिवनेरी धरली. तिकीट साध्या एसटीपेक्षा बरंच महाग आहे, पण गाडी गार आणि वेळेवर असते, आणि अशा दिवशी पदर चुरगळून चालत नाही. सोबत हे होतेच. "मी बॅगा सांभाळायला येतोय, जर्मनीशी माझा संबंध नाही," असं त्यांनी निघतानाच स्पष्ट केलं. घाटात उजाडलं. एक्सप्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये गाडी थांबते, तिथे चहा घ्या आणि वड्याची किंमत वाचून परत या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

पलीकडच्या सीटवर हडपसरला राहणाऱ्या, मूळच्या यवतमाळकडच्या एक बाई होत्या. मांडीवर कागदांची फाइल, म्हणजे त्याही व्हिसालाच निघालेल्या. मी दशमी पुढे केली आणि गप्पा सुरू झाल्या.

"मी अमेरिकेले चालली. पोरीचं दुसरं बाळंतपण हाय," त्या म्हणाल्या. "तुमची पोरगी कुठं असते?"

"मला मुलगी नाही. मी शिकायला चाललेय. जर्मनीला."

"मंग कोन हाय तिथं तुमचं?"

"कोणी नाही," मी म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाची तयारी केली.

बाईंनी दशमीवर आणखी थोडी चटणी घेतली. मग म्हणाल्या, "लय चांगलं हाय बाप्पा तुमचं. मी दोनदा जाऊन आली. लोक इचारतात, अमेरिका कशी हाय? मी म्हनते, किचन मोठं हाय." आणि स्वतःच इतक्या मोकळेपणाने हसल्या की पुढच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा झाला. मीही हसले, पण ते वाक्य माझ्याबरोबर दादरला उतरलं.

दादरहून टॅक्सी केली. वकिलातीत मोबाइल आणि पिशव्या नेता येत नाहीत, त्यामुळे सोबत एक माणूस आणाच. ह्यांना समुद्राकाठच्या कठड्यावर बसवून मी आत गेले. जर्मनमधली दहा-बारा वाक्यं मी आठवडाभर कुकरच्या शिट्ट्यांच्या तालावर घोकली होती. पहिल्या खिडकीवरच्या मुलीने माझं आडनाव वाचलं आणि म्हणाली, "बसा काकू, बोलावतील." घोकलेलं पहिलं वाक्य तिथेच वाया गेलं.

दुसऱ्या खिडकीमागे माझ्या मुलाच्या वयाचा एक उंच जर्मन अधिकारी होता. अतिशय सभ्य, हसू अजिबात नाही. तो सावकाश, सोपं जर्मन बोलत होता आणि मला कळत होतं! कोर्स, गाव, खोली, सगळी उत्तरं मी बरोबर दिली. मनातल्या मनात मी विमानात बसलेसुद्धा. मग त्याने माझ्या पत्रावर बोट ठेवलं.

"हे मंदार कोण?"

"शेजारणीचा भाचा."

"आपण त्यांना ओळखता?"

"हो. म्हणजे... त्यांच्या मुंजीला गेले होते." मुंजीला जर्मन शब्द काय, ते मला आठवेना. त्याला ते बारसं वाटलं की लग्न, देव जाणे.

"त्यांच्या घरी लहान मूल आहे का?"

आहे. आठ महिन्यांचं. साठेवहिनींनी फोटो सोसायटीभर फिरवले होते. मी खरं सांगितलं आणि त्याने पेन खाली ठेवलं. मला एकदम उमगलं, याला काय वाटतंय ते. याला वाटतंय की मी बाळ सांभाळायला चाललेय, शिकणं हे नुसतं नाव! सोसायटीतला तळमजला थेट नरिमन पॉइंटला येऊन बसला होता.

"जर्मन पुण्यातही शिकता येतं," तो म्हणाला. "मग आपण तिथे का जाता?"

घोकलेलं उत्तर होतं. जर्मन संस्कृती, जर्मन संगीत वगैरे. ते काही तोंडातून बाहेर येईना. त्याच्याऐवजी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी जे बोलले, ते साधारण असं होतं: "पुण्यात माझे सगळे आहेत. नवरा, मुलगा, शेजारी, भाजीवाली. सगळे माझ्याशी मराठी बोलतात. मी बँकेत होते. लोकांना तुमच्या देशाचे पैसे दिले, ते गेले, मी राहिले. आता मला जायचं आहे. लोक म्हणतात, तिथे तुझं कोणी नाही. म्हणूनच जायचं आहे. कोणी नसेल तर मला बोलावंच लागेल. हे नाव शेजारणीने घालायला सांगितलं. तिला वाटलं, कोणी नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पेन उचलून विचारलं, "मग हे नाव आपण काढून टाकू या का?"

"हो," मी म्हटलं. "प्लीज!"

त्याने मंदारवर सरळ रेघ मारली, मला शेजारी सही करायला लावली आणि पहिल्यांदा किंचित हसला.

बाहेर आले तर हे उरलेल्या दशम्या संपवून बसले होते. "काय झालं?"

"मंदारला काढलं."

"बिचारा. सांगू नकोस वहिनींना," ते म्हणाले आणि मला मुंबईच्या भर उन्हात आइस्क्रीम खायला घेऊन गेले. आमच्या घरात एवढा सोहळा पुरेसा असतो.

पुढचे काही आठवडे मी दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरातून धावत होते. शेवटी कुरियर आलं तेव्हा मी नेमकी भाजी आणायला गेले होते. परत आले तर यजमान जेवणाच्या टेबलाशी पासपोर्ट उघडून बसलेले. "तुझा फोटो वाईट आहे," म्हणाले, "पण आत घेतील." मी भाजीची पिशवी हातात तशीच धरून रडले. त्यांनी ती काढून घेतली आणि भेंडी निवडायला बसले. त्यांनी भेंडी निवडलेली मी प्रथमच पाहिली.

माझा कोर्स होता त्या फ्रायबुर्ग गावाबद्दल कितीही लिहिता येईल, पण आज व्हिसाचं चाललंय, म्हणून एवढंच. फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, नावाच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात मला खोली मिळाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी दारावर लावलेली सूचना वाचायला लावली: दुपारी एक ते तीन आवाज करू नये. मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू! फक्त आपल्या पुणेकरांपेक्षा त्या एक तास कमी झोपतात. त्या माझी चूक जागच्या जागी सुधारायच्या, वरण-भाताला नावं ठेवायच्या आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा, कचऱ्याच्या डब्यावरून, अखंड जर्मनमध्ये. त्या रात्री मला माझा भारी अभिमान वाटला.

परत येऊन आता बरेच महिने झाले. भाषा थोडी गंजतेय, स्वेटर कपाटात पडलेत, साठेवहिनी अजून मंदारची आठवण काढतात. गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. इकडच्या झोपेच्या वेळेला कोण, म्हणून यजमान वैतागले. फ्राउ केलर होत्या. आयुष्यात पहिल्यांदा युरोपच्या बाहेर पडणार होत्या, थेट पुण्याला. त्यांचा पुतण्या म्हणतोय, एवढ्या लांब कशाला, तिथे तुझं कोण आहे? आणि आता भारताच्या व्हिसाचा अर्ज पुढ्यात आहे, त्यातही तेच विचारलंय, भारतात ओळखीचं कोण.

"तुझं नाव लिहू का?" त्यांनी विचारलं.

यजमानांना हाताने थांबायची खूण करून मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिहा," मी म्हटलं. "पेन घ्या, सावकाश सांगते."