गोल भिंतीतली चूल

टॅमझिन हेक्स्टबद्दल आमच्या गावात कुणी बरं बोलत नसे. मलाही तिची जीभ सोसायची नाही. पण नवरा वारल्यावर तिचा दीर जेबेझ याने तिला शेतावरच्या घरातून हाकललं, ते काही बरं केलं नाही. जेबेझ माझा मावसभाऊ, म्हणून सांगते, हा माणूस दगडालाही रडवील.

डार्टमूरच्या माळावर रिवाज आहे. सूर्य मावळायच्या आत घर उभं करून चूल पेटवली, तर ते घर तुमचं. सगळे जत्रेला गेले त्या दिवशी टॅमझिनने माळावरचं एक गोल दगडी घर गाठलं. असली बिनछपराची घरं इथे जागोजागी पडलीत. कोणत्या काळच्या माणसांनी रचली, देव जाणे. या घरात जेबेझ मेंढ्या कोंडायचा. तिने वर वासे टाकले, गवताच्या ढेपा रचल्या. आम्ही परतलो तर धूर निघतोय!

"बये, भिंती आयत्या होत्या! याला घर बांधणं म्हणतात?" जेबेझ ओरडला.

"मग ज्याने बांधल्या त्याला घेऊन या, भावोजी. तो म्हणाला तर निघते."

लोक हसले, पण जेबेझ हसला नाही. शेजाऱ्याने चुलीवर हात शेकले की घर मान्य होतं, मग ते मोडता येत नाही. म्हणून त्याने ताकीद दिली, तिचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही. कुणी ओलांडलाही नाही.

हिवाळ्यात बर्फाच्या वादळात जेबेझ रात्रभर बेपत्ता होता. सकाळी आला नि म्हणाला, "मेंढवाड्यात पडून होतो."

बर्फ वितळल्यावर तो पहारी घेतलेली माणसं जमवून माळावर गेला. तमाशा बघायला आम्ही बायकाही गेलो. टॅमझिन दारात आली. तिच्या हातात लाल काठाचे लोकरी हातमोजे होते.

"भावोजी, त्या रात्री चुलीपाशी वाळत घातलेत, ते विसरून गेलात."

जेबेझची बायको अर्सुला पुढे झाली. तिने मोजे उलटसुलट करून पाहिले.

"वीण माझीच आहे," ती म्हणाली. "आणि मला सांगितलंत, मेंढीनं खाल्ले!"

माणसांनी पहारी खांद्यावर टाकल्या आणि गावाची वाट धरली. जेबेझ तिथेच उभा राहिला, मान खाली घालून.

टॅमझिनने दार सताड उघडलं. "या ना आत. हात गार पडले असतील."