टूथपेस्ट आणि डांबराने भाजलेला हात

आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या स्मरणिकेत एका गृहस्थांनी लिहिले आहे की, तारापूरच्या रस्त्याच्या कामावर मी टूथपेस्ट लावून एका मजुराचा हात वाचवला. हे धादांत खोटे आहे. लिहिणारे गृहस्थ त्या दिवशी सामान आणायला पालघरला गेले होते. जागेवर मी होतो. जे श्रेय माझे नाही ते माझ्या गळ्यात घालण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

साठच्या दशकात वीजकेंद्राचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा बोईसरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या हाताखाली मजुरांची एक टोळी होती. औषधपेटीत आयोडीन आणि कापूस यांपलीकडे काही नसे. म्हणून माझ्या पिशवीतली टूथपेस्टच औषध होऊन बसली. गांधीलमाशी डसली, लावा पेस्ट. मुंगळे चावले, लावा पेस्ट. गार वाटे, माणसे पुन्हा कामाला लागत. राखुंडीने दात घासणाऱ्या त्या टोळीत नळीचा दरारा होता आणि नळीमुळे माझाही.

एका सकाळी उकळत्या डांबराचा डबा कलंडला आणि एका तरुण वारली मजुराचा उजवा पंजा भाजला. त्याची बायको तिथेच खडी वाहत होती. तिने पाटी टाकली आणि नवऱ्याला दंडाला धरून रोलरसाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाकडे ओढले.

"पान्यात घालू द्या, सायेब! आदी पान्यात!"

"पाण्याने फोड येतात. तुला काय कळतंय?" मी तिला अडवले आणि पिशवीतून टूथपेस्टची नळी काढली.

"मंग तुमची दात घासायची दवा लावून हाताला दात येनार हाय?"

टोळी हसली. ते हसणे मला झोंबले. औषध म्हणून नव्हे, त्या हशाला उत्तर म्हणून मी अख्खी नळी त्याच्या पंजावर पिळली.

ट्रकने दवाखान्यात पोहोचेपर्यंत पेस्ट वाळून तिचा पापुद्रा झाला होता. डॉक्टर तो काढू लागले तेव्हा त्याच्याबरोबर कातडी सुटून आली. तो माणूस ज्या आवाजात ओरडला, तो आवाज स्मरणिकेत कुठेही नाही.

"हे कोणी केलं?" डॉक्टरांनी विचारले.

"मी."

"पाणी नव्हतं?"

"होतं."

त्या मजुराची दोन बोटे एकमेकांना चिकटून बरी झाली. त्याला फावडे धरता येईना. नवराबायको डोंगरात परत गेली.

आणि स्मरणिकेत तिचा उल्लेख काय, तर 'धाय मोकलून रडणारी अडाणी बायको'! ती रडली नव्हती. मी दुरुस्ती पाठवली. संपादकांनी 'इतक्या वर्षांनी किरकोळ तपशील कशाला' म्हणून ती परत केली. त्यांनी आपली दोन बोटे बांधून महिनाभर जेवून पाहावे आणि मग किरकोळ म्हणावे. म्हणून इथे माझ्या सहीने लिहितो: पिंप दहा पावलांवर होते, ती त्याला तिकडे नेत होती आणि मी आडवा आलो.