खोबरेल लावलेलं सुकाणू

माझ्या नवऱ्याला विमानांचं वेड होतं आणि इस्राएलातल्या रामल्याच्या आमच्या घरात विमान ठेवायला जागा नव्हती. दोन खोल्या. एकीत आम्ही झोपायचो, दुसरीत स्टोव्ह, जेवायचं टेबल आणि त्या टेबलावर विमान. मग जेवायचो कुठं? मांडीवर ताट घेऊन! कुणी भेटायला आलं की मी दारातच हात जोडायची, "बाबांनो, कुठंही बसा, फक्त टेबलाला धक्का लावू नका."

पण खरं सांगते, त्या पसाऱ्याचा मला राग नव्हता. मुंबईत हे विमानांच्या वर्कशॉपात फिटर होते. इथं आल्यावर आधी खडी फोडली, मग कारखान्यात पोती उचलली. संध्याकाळी घरी आले की भिंतीकडे बघत बसायचे. हसणं नाही की चिडणं नाही. मी मुद्दाम भांडण उकरून काढायची, तरी हूं नाही की चूं नाही. त्याचीच मला भीती वाटायची. मग कामावरच्या कुणीतरी यांना गावाबाहेरच्या क्लबात नेलं. तिथं हौशी लोक लहान लहान विमानं बनवून उडवायचे. त्या दिवशी घरी येऊन हे तासभर बडबडले, आणि मी मनात म्हटलं, टेबल गेलं चुलीत, माझा माणूस बोलतोय.

क्लबात रेडिओचा संच एकच होता. जमिनीवर ठेवायची पेटी, तिच्या वायरीला एक बटण, आणि विमानात बसवायचं छोटं यंत्र. ज्याचं विमान तयार असेल त्याला एका शुक्रवारी तो संच लावून मिळायचा. विमान वर गेलं, वळलं, परत आलं की त्याची दर महिन्याला पाळी ठरली. आणि परत नाही आलं तर? आमच्याकडे वारा समुद्राकडून येतो नि पूर्वेला जातो. पूर्वेला टेकड्या, टेकड्यांमागे सीमा. वळलं नाही तर विमान क्लबाच्या रेडिओसकट जॉर्डनात! मग हे तिथं तोंड दाखवणार नव्हते, आणि पुन्हा ती भिंत. म्हणून मी त्या विमानासाठी जीव टाकत होते.

वळणं सगळं सुकाणूवर. सुकाणू म्हणजे शेपटीवरची उभी फळी, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढी. विमानाच्या पोटात पीळ दिलेलं रबर असायचं. बटण दाबलं की ते रबर फळीला जरा एका बाजूला ओढायचं, सोडलं की फळी सरळ, पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूला. त्या रबरात ताकद ती किती? त्यामुळे बिजागरी अशी हवी की विमान आडवं धरलं तर फळी आपली आपण लोंबली पाहिजे.

आधी यांनी पत्र्याच्या बिजागऱ्या केल्या, सार्डिन मासळीचा डबा कापून. सुरेख केल्या, पण शेपूट जड झालं. हातात तोललं की विमान मागे बसायचं, दुकानासमोरच्या रांगेत दमलेल्या बाईसारखं. मग दवाखान्यातली चिकटपट्टी आणली. ती थोडी थोडी ताठ होत गेली. मग माझ्या परकराच्या कापडाची पट्टी. त्यात गोंद असा मुरला की पापड! मी म्हटलं, "तळून देऊ का?" हे एवढेसे सुद्धा हसले नाहीत.

शेवटी मी पुढे सरसावले. म्हटलं, "दोऱ्याने शिवते." सुई फळीच्या या अंगाने घालायची, मधल्या फटीतून पलीकडे, मग त्या अंगाने आणि परत फटीतून. आठाच्या आकड्यासारखा टाका पडतो. दोरा आवळला की फळी अडते, सैल सोडला की लडबडते. तीन ठिकाणी तसे टाके घातले, टोकं गोंदाने चिकटवली आणि विमान आडवं धरलं. फळी लोंबली. फुंकर मारली, हलली. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लाजले हो, त्या वयात!

शुक्रवारी कारखाना दुपारी सुटला. हिवाळ्याचे दिवस, गार वारा सुटलेला. शब्बाथचं, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचं, जेवण सकाळीच करून ठेवून मीही यांच्याबरोबर निघाले. कारण उघड आहे. हे विमानात गुंतले की दिवस मावळला काय नि उगवला काय, यांना पत्ता नसतो. सूर्य मावळताना शब्बाथचे दिवे लावायचे, त्याच्या आत यांना कुणी ओढून आणायचं?

मैदानावर क्लबाचा प्रमुख होता. पोलंडकडून आलेला उंच गृहस्थ, बोलायला गोड पण घड्याळाचा पक्का. त्यानं पेटी लावली, यांनी बटण दाबलं. सुकाणू हललंच नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म! यांचा चेहरा उतरला.

मी विमान उचलून शेपूट डोळ्यांजवळ नेलं. टाक्यांवर पांढरं पांढरं काहीतरी साचलं होतं, मेणासारखं.

"अहो, काय लावलंत याला?"

"जरासं तेल. आणखी मऊ चालावं म्हणून."

"कसलं तेल?"

"खोबरेल."

"माझं?"

"मग दुसऱ्या कुणाचं लावू?"

अरे देवा! आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी शब्बाथ, घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. घाणे गेले, पण यांच्या अंगातलं तेल काही गेलं नाही. दार करकरलं, तेल घाला. गुडघा दुखला, तेल चोळा. आणि मुंबईत खोबरेल वर्षभर पाण्यासारखं वाहतं हे यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथं थंडीत ते दगड होतं. त्याच सकाळी केसांना लावायला मी बाटली गरम पाण्यात ठेवली होती. घरात स्टोव्हच्या उबेला सुकाणू छान हललं असणार, मैदानावर येताच गोठलं!

"थांबा," मी म्हटलं, "तोडून परत शिवते."

प्रमुखानं चिकटपट्टी पुढे केली. मी मान हलवून नको म्हटलं. मुंबईपासूनची सवय, माझ्या झग्याच्या आत दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. जुने टाके कापले. त्या भोकांतलं लाकूड तेलकट झालं होतं, तिथं नवा दोराही गोठला असता, म्हणून शेजारी नवी भोकं पाडली. गोंद वाळायला वेळ नव्हता, म्हणून गाठी मारल्या. बोटं काकडलेली, वारा विमान ओढतोय, हे शेपूट धरून उभे. "नीट धरा हो, थरथरताय काय?" "मी नाही, तूच थरथरतेस!" दोघंही थरथरत होतो. सूर्य उतरायला लागला होता.

विमान आडवं धरलं. फळी लोंबली. बटण दाबलं, खट्, वळली.

यांनी इंजिन सुरू करून विमान वाऱ्यात सोडलं. ते वर गेलं, आणि वाऱ्याबरोबर सरळ टेकड्यांकडे निघालं. यांनी दाबलं. काही नाही. मी "एलियाहू हन्नाबी, सांभाळ!" असं आमच्या संदेष्ट्याला म्हणून डोळे मिटले. उघडले तर ते कलत होतं, हळू, आणि मग नाक फिरवून आमच्याकडे तोंड करून येत होतं. "आलं गं, आलं!" हे भर मैदानात मराठीत ओरडले. मी इतकी टाळ्या पिटत होते की लोक विमान सोडून मला बघायला लागले.

आणि मग यांनी बटण माझ्या हातात दिलं. "घे, आता तू वळव."

"मला कुठं येतंय?"

"शिवता येतं, दाबता येत नाही?"

मी दाबलं. विमान वळलं! या देशात भाजीवाला माझं ऐकत नव्हता, कचेरीतला कारकून ऐकत नव्हता, शेजारणीची कोंबडी ऐकत नव्हती, आणि हे आभाळातलं विमान ऐकत होतं! आनंदाच्या भरात बटण सोडायचंच विसरले, आणि विमान गरागरा फिरत खाली यायला लागलं. "अगं सोड, सोड!" हे किंचाळले. सोडलं, तर ते सावरून सरळ झालं. मग इंधन संपून इंजिन थांबलं आणि ते आमच्यापासून पंचवीस पावलांवर गवतात उतरलं. हे धावत गेले, शेपूट बघितलं. टाके जागच्या जागी. हे तिथंच ओल्या गवतात बसले आणि पोट धरधरून हसले. असं हसताना मी यांना मुंबई सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

प्रमुख पेटी आवरत होता. त्यानं यांना विचारलं, पुढच्या महिन्यात पाळी घेणार ना?

हे कपडे झटकत उठले. मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाले, "येऊ. आम्ही दोघं."