गावपुसे सर

इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की आमचे सर भडकायचे. "अर्थ मंग सांगतो. आधी त्याचं गाव पूस," म्हणायचे. पोरगं गप्प राहिलं की हातातला खडू मोडायचा आणि त्याचे दोन्ही तुकडे खिडकीतून बाहेर जायचे. घनसावंगीकडच्या आमच्या शाळेत त्यांचं खरं नाव मस्टरपुरतं होतं. गावाला ते गावपुसे सर म्हणूनच ठाऊक होते.

ही सवय कुठून लागली ते त्यांनी एकदाच सांगितलं. सर बौद्ध. नोकरीच्या पहिल्या वर्षी खोली शोधत हिंडले, तेव्हा प्रत्येक ओट्यावर आधी गाव विचारलं गेलं, मग आडनाव, मग तिथलं घर गावाच्या कोणत्या बाजूला, तेही. त्यानंतर खोली नेमकी कालच कुणालातरी दिलेली असायची. "माणसाला गाव पुसतेत ते कुठं बसवायचं हे ठरवायला," ते म्हणाले. "शब्दाला पुसलं तर निदान वळख तरी होती." तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या गल्लीतून जाताना माझं डोकं सणकतं, कारण त्यातला एक ओटा आमचाच होता.

गाईडवर त्यांचा दात होता. 'इंपीरियलिझम म्हणजे साम्राज्यवाद' एवढं छापून गाईडवाला मोकळा होतो आणि तेवढंच घोकून पोरंही मोकळी होतात, याचा त्यांना भयंकर संताप. नववीत तो शब्द आला तेव्हा त्यांनी वर्गातली सगळी गाईडं गोळा करून टेबलाखाली टाकली आणि तीन दिवसांचे तास त्या एका शब्दावर घालवले. शब्दाचं गाव रोम. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हुकूम, हुकूम सोडण्याचा अधिकार. लढाई जिंकून आलेल्या सेनापतीला त्याचे शिपाई त्यातूनच निघालेल्या ज्या नावानं पुकारायचे, त्या नावाचाच अर्थ पुढे बादशहा झाला. फ्रेंचांच्या घरातून तो शब्द इंग्रजीत आला. 'इझम'चं शेपूट लागल्यावर इंग्रजांनी तो आधी शेजारच्या फ्रेंच बादशहाच्या कारभाराला शिवीसारखा वापरला, पुढे आपल्याच राज्याबद्दल छाती फुगवून वापरला, आणि नंतर त्याची पुन्हा शिवी झाली.

"दुसऱ्याचा हुकूम म्हंजे जुलूम, आपला हुकूम म्हंजे उपकार," सर म्हणाले. "पर हुकूम देणारा एकटा काय करणार? ऐकणारा हुकमासरशी उठून उभा राह्यला, तवा कुठं ते राज्य झालं." आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत काही ते आलं नाही.

दहावीचे फॉर्म भरण्याआधी ते प्रत्येकाला इंग्रजीत सही करायला शिकवायचे. माझ्याकडून तर पंधरा-वीस वेळा गिरवून घेतली. बहुतेक पोरांना सहीखाली लांबलचक रेघ मारायची हौस असते, मलाही होती. "रेघ वढायची न्हाई," सर म्हणाले. "सहीला टेकू लागत न्हाई. ज्याच्यावर केली ते खरं असलं म्हंजे झालं."

पुढे मी त्याच शाळेत मास्तर म्हणून लागलो. माझ्या नेमणुकीला मान्यता मिळायची होती आणि ती संस्थेच्या अध्यक्षांच्या मर्जीवर लटकलेली. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांच्या वाढदिवसाला सगळी शाळा फुलं घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी करायची, असा रिवाज. साहेब दहाला येणार म्हणायचे आणि एकला उगवायचे. दरवर्षी उन्हानं एखाद-दुसरी पोरगी चक्कर येऊन पडायची. आम्ही मास्तर मंडळी तिच्या तोंडावर पाणी मारून तिला पुन्हा रांगेत उभी करायचो. लाज आम्ही केव्हाच गुंडाळून ठेवली होती.

एका वर्षी सरांनी नववीचा वर्ग बाहेर काढलाच नाही. दार सताड उघडं ठेवून शिकवत बसले. रांगेतल्या रिकाम्या जागेकडे साहेबांनी गाडीतून एकदा पाहिलं आणि गाडी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. सर अभ्यासक्रम सोडून मुलांना संस्थेविरुद्ध भडकवतात आणि हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, असं त्यात होतं. साहेबांची तशी इच्छा आहे, एवढंच ते म्हणाले आणि माझ्या मान्यतेची फाइल टेबलावर उगाच इकडची तिकडे सरकवली. मी कागद नीट वाचलाही नाही. सही केली.

सर निलंबित झाले. निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. चौकशी रेंगाळत राहिली, वर्ष सरलं, निरोप समारंभ झाला नाही. अर्ध्या तालुक्याला सही शिकवणाऱ्या माणसाला शाळेनं साधी शाल दिली नाही. माझी मान्यता मात्र सही केली त्याच महिन्यात आली. पेढे मीच वाटले. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी खाल्ले, कुणाच्या घशात अडकले नाहीत.

दोन वर्षांनी सर घनसावंगीच्या स्टँडवर भेटले. जालन्याला मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. मी पाया पडायला वाकलो, तर खांद्याला धरून त्यांनी मला उभं केलं. त्या दिवशी त्यांनी मला चारचौघांत थोबाडीत मारायला हवी होती. एवढ्यातेवढ्यावर खडू मोडणारा माणूस, आणि माझ्यावर साधा आवाजही चढवला नाही.

"चौकशीत दावला मला तुझा कागद," ते म्हणाले. "सही करायचा हुकूम तुला लेखी आल्ता का तोंडी?"

"तोंडी, सर."

"मंग तर न्हाई म्हणता आलं असतं."

बस लागली. पायरीवर चढून ते मागे वळले. "सही मात्र बराबर काढलीस," म्हणाले. "खाली रेघ न्हाई."

ती शेवटची भेट. साहेबांचा मला राग आहे, मुख्याध्यापकांचा आहे, पेढे गिळणाऱ्यांचा आहे. पण हे सगळे राग सोयीचे आहेत. गेल्या आठवड्यात शिपाई सूचना-वही घेऊन माझ्या वर्गात आला. साहेबांचा वाढदिवस, सर्व वर्ग सकाळी दहाला रस्त्यावर. यंदा नववी माझ्याकडे आहे. वाचल्याची सही करायची असते. पोरांसमोर मी ती केली, खाली रेघ न ओढता.